नुसतं ‘हाय’

आमच्याकडे भातकापणीच्या दिवसांना सुगी म्हणतात. शब्द कानडी, कोकणी की आमचाच, हे कुणी विचारत बसत नाही. आमच्या जंगलात शब्दाला जात विचारायची पद्धत नाही. कार्तिक सरत आला की वरच्या मेरेच्या बांधापासून खालच्या ओहोळापर्यंत सगळी खाचरं पिवळी होतात, दव उन्हं वर येईपर्यंत लोंब्यांवरून हटत नाही, आणि कापलेल्या धाटांचा हिरवट गोडसर वास दिवसभर हाताला चिकटून राहतो. साबणाने तो जात नाही. मी साबण लावून पाहिला आहे.

या वर्षी पंधरा दिवसांची रजा काढून सुगीला घरी आलो. पहिल्याच सकाळी विळा बोटाला लागला. अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, दगडीचा पाला तळहातावर चोळून जखमेवर दाबून धरला आणि म्हणाली, “मुंबईचा हात हाय. त्येला वाईच येळ लागंल.” तिने टोमणा मारला नव्हता, तरी मला तो लागला. हे बोट आता विळा विसरलं आहे. त्याला स्क्रू फिरवायची, बारीक तारा जोडायची आणि काचेवर टिचकी मारून काटा हलतो का बघायची सवय झाली आहे.

पण ज्या सुगीबद्दल मी लिहायला बसलो आहे, त्या सुगीला मी इथे नव्हतोच. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती सुगी मी पाहिली नाही, तिचा वास घेतला नाही, आणि तरीही आयुष्यातली तेवढी एकच सुगी मला रोज आठवते. न पाहिलेल्या गोष्टीची आठवण कशी येते, हे मला कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

दिग्गीच्या अलीकडे आमची आठ घरांची वाडी. तालुक्याचं गाव सुपा, पण तिकडे जायचं ते कोर्टकचेरी निघाली तरच. आम्हाला जग भेटायचं ते कॅसलरॉक स्टेशनात. पहाटे निघालं की दुपार कलताना माणूस तिथे पोचायचा. मीठ, रॉकेल आणि तंबाखू घेऊन मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. मधली काही वर्षं पलीकडे पोर्तुगीज आणि अलीकडे आपले शिपाई असा प्रकार होता, तेव्हा गाड्या कॅसलरॉकलाच थांबून मागे फिरत. गोवा मोकळा झाला आणि गाड्या पुन्हा घाट उतरू लागल्या. आप्पाला, माझ्या वडिलांना, याचं फार अप्रूप. आयुष्यात एकदाही ते गाडीत बसले नाहीत, पण गाडी घाटात उतरून दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर उभे राहत.

आई मी लहान असतानाच गेली. अक्का लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली. म्हणजे घरात आम्ही तिघं, आणि भोवती जंगल. शेतात किंवा पाल्याला जंगलात गेलं की तिघं तीन दिशांना पांगलेले असायचो. झाडी इतकी दाट की वीस पावलांवरचं माणूस दिसायचं नाही. म्हणून हाक. थोड्या थोड्या वेळाने आप्पा हातातलं काम थांबवून ओरडायचे, “हाय काऽ?” आणि आम्ही दोघांनी आपापल्या जागेवरून उत्तर द्यायचं, “हाऽय.” उत्तर आलं नाही तर हातातलं असेल ते टाकून धावायचं, हा नियम. अस्वल, गवा, साप, काहीही असू शकायचं.

नियमाला एक पुरवणी होती, आणि ती एका पाखरामुळे जोडली गेली. आमच्या रानात डोंगरी मैना आहेत. काळ्या, पिवळ्या गालाच्या, आणि नकला करण्यात पटाईत. एका सुगीला त्यांतली एक आमचं ‘हाय’ उचलून बसली. आप्पाने हाक मारली की जांभळीवरून ती अक्काच्या आवाजात उत्तर द्यायची. एकदा अक्का पाय मुरगळून ओहोळात पडली होती आणि आप्पा वरती निवांत कापत होते, कारण दर हाकेला उत्तर येत होतं. सगळं कळल्यावर त्या संध्याकाळी त्यांनी चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाले, “हितनं फुडं नुसतं हाय म्हणायचं न्हाई. कुठं ते सांगायचं. नुसतं हाय पाखरूबी म्हणतंय.”

तेव्हापासून आमची उत्तरं लांबली. हाय, ओहळाला. हाय, जांभळीखाली. हाय, मेरेवर बसलोय, काटा मोडलाय.

खानापूरला शाळेत गेलो तेव्हा मास्तरांनी माझा हा शब्द पुसायचा चंग बांधला. “हाय नव्हे, आहे म्हण. हाय हा शोकाचा उद्गार आहे.” फळ्यावर लिहून दाखवलं. पुस्तकात खरंच तसं होतं. कुणी मेलं की पुस्तकातली माणसं ‘हाय हाय’ म्हणत. मला गंमत वाटायची. आमच्याकडे जो शब्द माणूस जिवंत असल्याची खूण, तो पुस्तकात रडायला वापरतात. आता गंमत वाटत नाही.

त्या वर्षीच्या सुट्टीत मी आप्पाला तो शब्द लिहायला शिकवला. खळं नुकतंच शेणाने सारवलेलं होतं, त्यावर कोळशाने. त्यांना बाकी अक्षरं शिकायची हौस नव्हती. “मला येवढंच दे,” म्हणाले. ह काढताना ते दरवेळी नवीन काढायचे. कधी पोट मोठं, कधी शेपूट लांब.

पुढे मी बेळगावला तंत्रशिक्षण घेतलं आणि मुंबईला खाडीकाठच्या संशोधन अणुभट्टीत शिकाऊ म्हणून लागलो. काम किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मॉनिटरांची देखभाल. अणुभट्टी म्हटलं की लोकांना काहीतरी धगधगतं डोळ्यांपुढे येतं. माझं काम अगदी शांत होतं. भिंतीवर ठिकठिकाणी पेट्या बसवलेल्या, प्रत्येकीला एक काटा, एक लाल दिवा आणि एक भोंगा. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, हाताला लागत नाहीत. आत काम करणाऱ्यांचा भरवसा सगळा त्या काट्यावर. आणि तो काटा खरं बोलतो की नाही हे बघणारे आम्ही.

बघायची रीत सोपी आहे. शिशाच्या डब्यात किरण देणाऱ्या पदार्थाची एक बारीकशी कांडी ठेवलेली असते. लांब चिमट्याने ती बाहेर काढायची आणि मॉनिटरपाशी न्यायची. काटा चढला पाहिजे, दिवा लागला पाहिजे, भोंगा वाजला पाहिजे. कांडी डब्यात गेली की काटा पुन्हा खाली. मग वहीत लिहायचं ‘ठीक’ आणि पुढच्या पेटीकडे जायचं. पहिल्याच आठवड्यात काटा चढलेला बघून माझ्या तोंडून निघून गेलं, “हाय.” बरोबरचे हसले. नंतर तेच माझं नाव पडलं. हायवाले आले, पेट्या तपासून घ्या, असं म्हणत.

आमचे वरिष्ठ सबनीससाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मला अर्थ विचारला. मी आमची हाक, मैना, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तू हे काम लहानपणापासून करतो आहेस.”

त्याच साहेबांनी मला एकदा चांगलं पकडलं होतं. कार्यशाळेत सरावासाठी सहा पेट्या होत्या. मी तीन दिवस रोज बघून सहाही ठीक लिहीत होतो. चौथ्या दिवशी त्यांनी मला चौथ्या पेटीपुढे उभं केलं आणि म्हणाले, “कांडी लाव.” मी लावली. काटा जागचा हलला नाही. त्यांनीच आत चिमूटभर मेण लावून तो अडकवून ठेवला होता, नेमका जिथे रोज असायला हवा तिथे. मी कांडी न लावताच तीन दिवस आकडा बघून पुढे गेलो होतो.

“दगडातून, आकाशातून थोडे किरण सतत येतच असतात,” साहेब म्हणाले. “म्हणून जिवंत यंत्राचा काटा कधी अगदी स्थिर नसतो. सारखा थोडा थरथरतो. तुझा काटा तीन दिवस एका जागी होता. तुला तो शांत वाटला, होय ना?”

“होय,” मी म्हटलं.

“शून्य दाखवणाऱ्या पेटीचा संशय सगळ्यांनाच येतो. बरोबर आकडा दाखवणारीचा कुणाला येणार? तो आपल्याला आला पाहिजे. आपण त्यासाठीच आहोत.”

आप्पाचं महिन्याला एक कार्ड यायचं. कॅसलरॉकला मीठ-रॉकेल आणायला गेले की फलाटावर बसून लिहायचे. तिथे इनास नावाचा पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे बदलणारा, घाटाखालचा ख्रिस्ती, आप्पाचा जुना स्नेही. पत्ता तो इंग्रजीत घालायचा आणि मजकूरही त्यालाच सांगितलेला असायचा. पण सुरुवात आप्पांची. हाय, एवढं स्वतःच्या हाताने, आणि त्याखाली इनासच्या अक्षरात बाकीचं. ‘हाय. म्हैस व्याली.’ ‘हाय. पाऊस थांबेना, पूल गेला.’ कधी शिसपेन्सिलीने, कधी इनासच्या लाल पेन्सिलीने, एकदा तर कोळशाने. गाडी यायची घाई असली की य अर्धाच राहायचा. मी ती कार्डं खोलीच्या भिंतीला टाचणीने लावायचो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर खात्याची परीक्षा जाहीर झाली. पास झालो तर कायम, नाही तर घरी. लेखी पौषात, तोंडी माघाच्या सुरुवातीला. मी घरी पत्र टाकलं. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. “परीक्षा होईपर्यंत सुगीला येता येणार नाही. अगदी महत्त्वाचं असल्याशिवाय काही कळवू नका, अभ्यासातून मन उडतं. दर महिन्याला नुसतं हाय लिहिलं तरी मला पुरे. माघी पुनवेला उळवीच्या जत्रेला नक्की येतो.”

नुसतं हाय. ज्या घरात तेवढंच म्हणायची बंदी होती, त्या घराला मी असं लिहिलं.

मार्गशीर्षात कार्ड आलं. फक्त ‘हाय’. पौषात एक, माघ लागताना एक. तिन्हींवर तेवढंच. आप्पा सांगितलेलं ऐकतात, म्हणून मला बरं वाटलं. तिसरं कार्ड मी पहिल्या दोन्हींशेजारी लावलं आणि शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याला कौतुकाने दाखवलं. “बघ, म्हाताऱ्याचा हात आता कसा बसलाय.” खरंच बसला होता. तिन्ही ह एकसारखे. एकच पेन्सिल, एकच दाब, तोच कल. पत्ताही एकाच निळ्या शाईचा. दिवसभर मी दुसऱ्यांचे काटे थरथरतात की नाही बघत होतो आणि संध्याकाळी येऊन या तिन्हींपुढे निश्चिंत झोपत होतो.

परीक्षा पास झालो. सबनीससाहेबांनी पाठ थोपटली. आप्पांसाठी लोकरीचा मफलर घेतला आणि निघालो. पुण्याला गाडी बदलली, लोंढ्याला बदलली, कॅसलरॉकला पहाटेच उतरलो. इनास कंदील पुसत होता. मला बघून त्याने तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

“आयज हांगाच राव रे,” म्हणाला. “फाल्यां वच.” आज इथेच राहा, उद्या जा, असं.

मी म्हटलं, आप्पा वाट बघत असतील. त्याने मला चहा पाजला, पिशवीत पाव घातला आणि फलाटाच्या टोकापर्यंत सोबत आला. मला वाटलं म्हातारा झाला, हळवा झाला.

वाडीच्या अलीकडे एक चढण आहे. तिच्या माथ्यावरून आमची खाचरं दिसत नाहीत, पण आवाज पोचतो. दुपार कलली होती. बाहेरगावाहून येणाऱ्याने तिथून हाक द्यायची आणि घरातल्या वडीलधाऱ्याने पहिलं उत्तर द्यायचं, ही आमची रीत. मी पिशवी खाली ठेवली आणि हात तोंडाशी धरून ओरडलो, “हाय काऽ?”

बराच वेळ काही नाही. मग वरच्या मेरेवरून, जिथे नेहमी आप्पा असत तिथून, अक्काचा आवाज आला. “हाऽय.” तेवढाच. कुठं, ते तिने सांगितलं नाही. मी थांबलो. दुसरं उत्तर यायला हवं होतं. मी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मला कळलं होतं.

अक्काने पाणी दिलं. मी प्यायलो. मग म्हणाली, “सुगी सरली आनी गेला. आठ दिस छातीत कफ हुता. म्या म्हटलं तार करू. तर म्हणाला, पोरानं लिवलंय न्हवं, काय कळवू नगा म्हून.”

मी म्हटलं, “अगं, महत्त्वाचं असल्याशिवाय, असं लिहिलं होतं.”

“तेबी वाचून दावलं इनासनं. आप्पा म्हणाला, मी मरतोय ह्ये काय म्हत्त्वाचं हाय व्हय, परीक्षा म्हत्त्वाची. उळवीच्या देवाची आण घातली मला.”

ती एकटी कॅसलरॉकला गेली होती. इनासकडून चार कार्डांवर पत्ते घालून आणले. परीक्षा संपेपर्यंतचे महिने आप्पांनी बोटांवर मोजले होते, वर एक जास्तीचं, कुठे उशीर झाला तर. भात झोडून झालं होतं. खळ्यावर घोंगडी टाकून त्यांना बसवलं, आणि एका दुपारी त्यांनी ती लिहायला घेतली. पुढे दर महिन्याला अक्का चालत जाऊन एकेक पेटीत टाकून आली.

“कसं टाकवलं गं तुला?” मी विचारलं. मला रागवायचं होतं, पण आवाजात राग आला नाही.

“फाडाय जमलं न्हाई,” ती म्हणाली. “त्येचा हात लागला हुता.”

मग तिने फडताळातून चौथं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. पत्ता इनासचा, त्याच निळ्या शाईतला. पाठीमागे एक ह. त्याचं शेपूट खाली घसरत कार्डाच्या कडेपर्यंत गेलं होतं. काना नाही, य नाही.

“ह्ये लहान हाय,” अक्का म्हणाली. “बाकीच्यांवाणी न्हाई. म्हून न्हाई टाकलं. तुला लगीच कळलं असतं.”

अक्काला एक अक्षर वाचता येत नाही. तिला चार कार्डं पुढे ठेवून वेगळं कोणतं ते कळलं, आणि तिला खात्री होती की मलाही कळेल. मी तिला सांगितलं नाही की एकसारखी तीन आली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आजवर सांगितलेलं नाही. दोन वर्षं हे मी एकट्याने बाळगलं आहे.

कामावर परत गेलो तेव्हा पहिल्या पेटीपुढे कांडी धरली, काटा चढला, भोंगा वाजला, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. बरोबरच्यांनी वाट बघितली. मग त्यांनीही तो शब्द सोडून दिला. मी आता काटा चढला की नुसतं ‘ठीक’ लिहितो, पण कांडी लावायच्या आधी क्षणभर थांबून तो थरथरतोय का ते बघतो. नवीन शिकाऊ मुलांना वाटतं मी फार सावध आहे. मी त्यांना खरं कारण कशाला सांगू? ज्या दिवशी सावध राहायचं होतं, त्या दिवशी मी परीक्षेचा अभ्यास करत होतो. त्या परीक्षेत अडकलेला काटा कसा ओळखावा यावर प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मी फार छान लिहिलं होतं.

आप्पांचा मला राग येतो, हे लिहायला नको, पण येतो. मरताना माणसाने मुलाला हाक मारावी. त्यांनी उत्तरं लिहून ठेवली. मी हाक मारीन, आणि त्या वेळी आपण नसू, म्हणून. आयुष्यभर ज्या मैनेवर चिडले, तिचंच काम शेवटी त्यांनी स्वतः केलं, माझ्यासाठी. त्या खळ्यावर, घोंगडीवर, तिसरा ‘हाय’ लिहिताना त्यांना मैना आठवली असेल का, हे मला सारखं वाटतं. आठवली असणार. म्हणूनच चौथा पुरा झाला नाही, की हातातलं बळच सरलं, हे आता कुणाला विचारू?

हे सगळं मी आज वरच्या मेरेवर बसून लिहितो आहे. बोटाला पाला बांधलेला, म्हणून आज कापणीतून सुट्टी. अक्का खाली ओहोळाच्या खाचरात कापते आहे. मधल्या झाडीमुळे दिसत नाही. ते चौथं कार्ड वहीत आहे. मघाशी ते काढून बघत होतो, तेव्हा खालून हाक आली, “हाय काऽ?” मी ती ऐकली. उत्तर देणार होतो. पण ह वर बोट होतं, त्याच्या घसरत गेलेल्या शेपटावरून बोट कडेपर्यंत गेलं, आणि तेवढ्यात बहुतेक दुसरीही हाक येऊन गेली.

मग पाला तुडवल्याचा आवाज आला. अक्का बांध चढून धावत वर आली. पदर काट्यांनी ओरबाडलेला, पायात चिखल, हातात विळा नव्हता. मला धडधाकट बसलेला बघून ती थांबली आणि जांभळीला धरून उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि गेली दोन वर्षं ही बाई रोज कोणाला हाक मारते आणि कोण तिला उत्तर देतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

“हाय, अक्का,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. तेवढ्याने तिचं भागलं नाही. दोन पावलांवर उभी राहून, माझ्याकडे बघत, तिने विचारलं, “कुठं?”

“हितं,” मी म्हटलं. “आप्पाच्या मेरेवर.”

ती खाली विळा शोधायला गेली.